कुलूप जसंच्या तसं

कुलूप जसंच्या तसं होतं. आत पोर नव्हती.

सुलेखाने मोरी बघितली, पलंगाखाली वाकून बघितलं, लोखंडी कपाटही उघडलं. बारा वर्षांची मुलगी साड्यांच्या घड्यांत कशी मावेल, हे कपाट उघडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. मग ती गच्चीवर गेली. दाराची कडी आतून काढलेली. खाली शेजाऱ्यांची सिमेंटची टाकी, आणि टाकीवरच्या धुळीत पावलांचे दोन ठसे. पाची बोटं मोजता येतील असे.

पोर अनवाणी गेली होती, कारण तिच्या चपला सुलेखाच्या पिशवीत होत्या. रविवार असला तरी लग्नसराईमुळे गुलमंडीतलं कापडाचं दुकान उघडं होतं, सुलेखाला कामावर जाणं भाग होतं. सकाळी पडेगावच्या घराला कुलूप लावताना तिने ज्ञानेश्वरीच्या चपला उचलून पिशवीत टाकल्या. दाराला कुलूप, वर पायात काही नाही. आता कुठं जाशील?

आता दुपारी अर्धी सुट्टी घेऊन ती परतली, तेव्हा पावणेदोन वाजले होते. फेब्रुवारीचं ऊन गच्चीवर तापू लागलं होतं.

ज्ञानेश्वरी सुलेखाची पोटची नव्हे. तिचे आईबाप मेंढ्यांमागे फिरायचे, आणि रस्त्यावरच एका ट्रकखाली दोघे गेले. मागे राहिली आजी, बानाबाई, तीही धाकट्या मुलाच्या मेंढरांबरोबर रानोमाळ फिरणारी. पोरीची शाळा बुडू नये म्हणून बाल कल्याण समितीने तिला सुलेखा आणि गोकुळ या नवराबायकोकडे सांभाळायला दिलं. दत्तक नव्हे. प्रतिपालक म्हणून, ठरावीक मुदतीपुरतं. लग्नाला चौदा वर्षं झालेली, घरात पाळणा हलला नव्हता. कागदावरचे ‘ठरावीक मुदत’ हे दोन शब्द सुलेखाने वाचलेच नव्हते.

पोर गुणी होती. सांगितलेलं ऐकायची, ताट घासून ठेवायची. पण सुलेखाला ती कशानेच हाक मारत नसे. आई नाही, मावशी नाही. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहायची.

आणि सात महिन्यांत दोनदा ती न सांगता निघून गेली होती. दोन्ही वेळा दौलताबाद रस्त्यावर सापडली. दुसऱ्या वेळी समितीच्या बाई म्हणाल्या, “पुन्हा असं झालं, तर मुलगी तुमच्याकडे ठेवायची का, याचा विचार करावा लागेल.” सुलेखाने घरी जाता जाता कुलूप विकत घेतलं.

तिने गोकुळला फोन लावला. तो वाळूजच्या कारखान्यात जादा पाळीवर होता.

“गेली.”

“कोण गेली?”

“कोण म्हंजी? पोरगी. कुलूप हाय अन् पोरगी नाय.”

पलीकडे यंत्राची धडधड ऐकू येत राहिली. मग गोकुळने दबक्या आवाजात विचारलं, “कुणाला सांगितलंस का?”

“नाय.”

“सांगू बी नको. निघतोच मी. आपणच हुडकू.”

सांगावं, तर समिती पोर नेणार. न सांगावं, तर पोर गेलेलीच. चारी बाजूंनी भिंती, आणि या भिंतींत कुणी पोरीला कोंडलेलं नव्हतं, सुलेखा स्वतःच कोंडली गेली होती.

दोन ते सव्वातीन

या वेळात काय झालं?

काहीच झालं नाही, हेच लिहायचं आहे. सुलेखा रिक्षाथांब्यावर गेली. शाळेच्या बंद फाटकाशी उभी राहिली. कुणी विचारलं, “काय झालं, ताई?” तर म्हणाली, “काय नाय, असंच.” किराणा दुकानदाराला तिने पोरीबद्दल विचारलं नाही, साखर विचारली. सव्वा तास ती आपली पोर शोधत होती आणि त्याच सव्वा तासात ती हरवल्याचं लपवतही होती. तुम्हीआम्ही तिला नावं ठेवण्याआधी स्वतःला विचारून बघावं, की घरातली अब्रू आणि घरातलं मूल यांत आपण आधी काय झाकलं असतं.

सव्वातीनला ती रस्त्याकडेच्या ओट्यावर बसली. पिशवीतल्या चपला मांडीला टोचल्या. तिने फोन काढला आणि ज्या बाईची तिला सगळ्यांत जास्त धास्ती होती, तिलाच लावला.

कडूबाई बाल संरक्षण कक्षाचं काम बघायच्या. पन्नाशीच्या, दर महिन्याला घरी येऊन सगळं न्याहाळणाऱ्या, चहा न घेता जाणाऱ्या.

“किती वाजता गेली?” कडूबाईंनी एवढंच विचारलं.

“मी आले तवा पावणेदोन…”

“अन् आता सव्वातीन. जिथं हाय तिथंच थांबा, मी आले. येता येता मुलांच्या मदतीच्या नंबरला, १०९८ ला कळवते.”

नाव

ज्ञानेश्वरी.

वय

बारा.

नाते

पोलीस चौकीतल्या हवालदाराचं पेन इथं थांबलं. “पोरगी तुमची ना?”

“सांभाळायला दिलेली,” सुलेखा म्हणाली.

“मंग आपल्या माणसांकडं गेली आसंल. येईल सांजपर्यंत. नाय आली तर उद्या या.”

“दादा,” कडूबाई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या, “तुमची पोर असती तर उद्यापर्यंत थांबला असता का? अठराच्या आतलं लेकरू हाय. वाट बघायची नसती. लिहा, अन् बिनतारीवर सांगा.”

हवालदाराने एकदा कडूबाईंकडे बघितलं आणि लिहायला घेतलं.

अंगावरचे कपडे

निळा फ्रॉक. बाही उसवलेली. शिवायची राहिली होती.

पायात

सुलेखाने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

“पायात काय व्हतं?” हवालदाराने पुन्हा विचारलं. “चप्पल, बूट?”

“काय नाय.”

“अनवाणी? काऊन?”

सुलेखाने पिशवीत हात घातला. साडीच्या दुकानाचा कागद बाहेर आला, जेवणाचा डबा आला आणि मग दोन छोट्या जांभळ्या चपला आल्या. तिने त्या टेबलावर नोंदवहीशेजारी ठेवल्या. तेवढ्यात दारात गोकुळ येऊन उभा राहिला, कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच. चपला बघून तो तिथेच थबकला.

“चपला तुम्ही नेल्या,” कडूबाई म्हणाल्या. “कुलूपबी तुम्हीच लावलं?”

“पोरीच्या भल्यासाठी लावलं, ताई! सारखी पळती. रस्त्यावर काय कमी लांडगे हायेत?”

“हायेत की. म्हणून तर इचारते. आज ती त्या रस्त्यावर हाय, बिनचपलीची, अन् कुठं चालली ते तुम्हाला सांगून गेली नाय. सांगून जाता आलं असतं तिला?”

“म्या जाऊ दिलं नसतं.”

“मंग ती सांगंल काऊन? बाई, मी लहानपणी मामीकडं व्हते, गुलमंडीच्या मागं. मामी वाईट नव्हती. चारदा पळाले मी. दर वेळी आईच्या गावाच्या गाडीपाशी जाऊन उभी राहायची. मामी पट्टीनं मारायची अन् इचारायची, काऊन गेलीस? एकदाबी इचारलं नाय, की कुणाकडं चाललीस. लेकरू घरातून पळतं तवा ते कुणाकडं तरी जात असतं. ते कुणीतरी कोण, हे ज्याला ठाव नाय, त्याचं लेकरू हरवतं. ज्ञानेश्वरी कुणाकडं चालली, बोला.”

सुलेखाला ठाऊक होतं. सात महिने ठाऊक होतं.

“संक्रांतीच्या आधी तिची आजी आली व्हती दारात,” ती टेबलाकडे बघत बोलली. “काठी टेकत. पोरीला बघायचं म्हणली. म्या सांगितलं, शाळेत गेली. पोरगी आतच व्हती. मला वाटलं, म्हातारी सारखी यायला लागली तर पोरीचं मन घरात कधी लागायचं? दुसऱ्याच दिवशी पोरगी गेली.”

गोकुळ बायकोकडे बघत राहिला. हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. “संक्रांतीच्या आधी?” त्याने विचारलं. “म्हंजी त्यांची मेंढरं तवा मिटमिटा गावाच्या अंगाला बसली असतील. अन् दिवाळीत गेली तवाबी…”

तो शेतकऱ्याच्या घरातला. गावाकडे त्यांच्या वावरात दरसाल पीक निघालं की मेंढरं बसवायला बोलवायचे. दोनतीन रात्री कळप रानात बसला की जमिनीला खत मिळतं, मग कळप पुढच्या वावरात. मेंढरं हवी असायची. मेंढरांमागच्या माणसांना मात्र कुणी ओट्यावर घेतलं नाही, पाणीसुद्धा वरून ओतलं. आणि आज पहिल्यांदा त्याच्या डोक्यात उजेड पडला.

“पोरगी पळत नव्हती,” तो म्हणाला. “कळपाची दरसालची वाट तिला पाठ हाय, ती मुक्काम गाठत व्हती. कळप उठला की आजी कुठं सापडणार? आता हरभरा निघाला. शरणापूर फाट्याकडं असतील.”

त्याने तिथल्या ओळखीच्या शेतकऱ्याला, सोमनाथला फोन लावला. बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं.

“बानाबाईची मेंढरं काल सकाळीच उठली,” गोकुळ म्हणाला. “वावर रिकामं हाय.”

कुठे गेली असावी

रिकाम्या वावरात.

हवालदाराने रकाना भरला आणि गाडीची किल्ली उचलली.

हरभऱ्याचं कापलेलं रान, लेंड्यांचा वास, तीन दगडांची विझलेली चूल. चुलीशेजारी निळा फ्रॉक दिसला तेव्हा साडेचार वाजले होते. सुलेखाचे पाय धावले, पण कडूबाईंनी तिचा दंड धरला. “हळू. ती घाबरंल.”

ज्ञानेश्वरी उठली नाही. पायांना चिंध्या बांधल्या होत्या, चुलीतली राख ती काडीने उकरत होती.

“एकटीच हायेस का, बाळ?” कडूबाईंनी विचारलं.

“व्हय. टेम्पोवाले काका येणार हायेत. पाणी आणाया गेलेत. आजीकडं सोडतो म्हणले.”

“त्यांना ठाव हाय, आजी कुठंय?”

“व्हय म्हणले.”

“आजीचं नाव सांगितलंस त्यांना?”

पोर विचारात पडली. “नाय. त्यांनी इचारलंच नाय.”

कडूबाई पोरीच्या आणि रस्त्याच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने फाट्यावरून एक टेम्पो आत वळला. पोलिसांची गाडी दिसताच थांबला आणि आला तसा मागे फिरला. हवालदार नंबर टिपत धावला, पण सुलेखाच्या डोळ्यांपुढे टेम्पो नव्हताच. सव्वा तास होता. साखर विचारत घालवलेला सव्वा तास. आणखी थोडा तिने लपवला असता, तर या वावरात आता फक्त राख असती!

ती पोरीसमोर मातीत बसली. पिशवीतून चपला काढून तिच्या पायांशी ठेवल्या.

“तुझी आजी आली व्हती,” ती म्हणाली. “म्या दारातूनच लावून दिलं. खोटं बोलले मी.”

“मला ठाव हाय,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “म्या खिडकीतून बघत व्हते.”

महिनाभर ही पोर ते मनात घेऊन ताट घासत होती. सुलेखाला रडू आलं, पण रडायचा हक्क आपला नाही, एवढं तिला कळलं. तिने पायाच्या चिंध्या सोडायला घेतल्या.

“आता बी कुलूप लावणार?” पोरीने विचारलं.

सुलेखाने कमरेची किल्ली काढली आणि तिच्या मुठीत दिली. पोरीने किल्ली घेतली, पण विश्वास घेतला नाही. तो इतक्या लवकर कुणी घेत नाही.

इतर माहिती

समितीपुढे सुलेखाने सगळं सांगितलं, चपलांसकट. बोलणी खाल्ली. मग समितीने ज्ञानेश्वरीला वेगळं बसवून विचारलं, तुला कुठं राहायचं? ती म्हणाली, “शाळा हाय तिथं. पण आजी भेटली पायजे.” बानाबाईलाही बोलावलं. म्हातारी खुर्चीवर बसेना, तेव्हा गोकुळ उठला आणि स्वतः तिच्याशेजारी जमिनीवर बसला. पोर त्यांच्याकडेच राहिली. कळप उठला की आजी फोन करणार, महिन्यातून दोनदा भेट, शक्य तेव्हा सुलेखा सोबत जाणार, असं ठरलं. भिंतीवर आता दोन आकडे मोठ्या अक्षरांत लिहिलेत, आजीचा आणि १०९८.

मूल आपल्या पोटचं असो की कुणी विश्वासाने आपल्या ओटीत घातलेलं असो, त्याची जुनी माणसं तोडून ते आपलं होत नाही. तोडलेलं मूल त्या माणसांना एकटंच शोधायला निघतं, आणि वाटेत नाव न विचारणारे काका भेटतात. मूल दिसेनासं झालं, तर लाज गिळा आणि त्याच क्षणी सांगा, पोलिसांना, शेजाऱ्यांना, साऱ्या जगाला. पण त्याच्याही आधी घरात एवढं करा, की मुलाला सांगून जाता यावं. जे सांगून जातं, त्याला शोधायचं कुठं हे तरी आपल्याला ठाऊक असतं.

मागच्या रविवारी सुलेखाच्या अंगात ताप होता. दारावर चिठ्ठी होती: ‘आजीकडे. गोकुळकाकांसोबत. मिटमिट्याला. चारला येते.’

चार वाजले. सव्वाचार वाजले. सुलेखा कॉटवर उठून बसली, परत आडवी झाली, परत उठली. हात सवयीने कमरेशी गेला, तिथे आता किल्ली नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं, वाऱ्याने हलत होतं. ही कोंडी तिला एकटीला सोसायची होती, आणि ती सोसत पडून राहिली.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी फाटक वाजलं. आधी मेंढरांचा वास आत आला.

“मावशी,” बाहेर चपला काढता काढता पोर म्हणाली, “उशीर झाला. आजी सोडंना.”

कॉटवरून उठायला सुलेखाला थोडा वेळ लागला. तेवढ्या वेळात ती हाक तिने मनात पुन्हा एकदा ऐकून घेतली.