वॅक्सची पट्टी

परक्याला नाही म्हणता येतं, आपल्या माणसाला म्हणून बघा. फुगलेल्या शिरेवर मी वॅक्स करत नाही, हवं तर दुसरीकडे जा, असं धाकटी गिऱ्हाइकांना तोंडावर सांगायची. तिच्या पार्लरमध्ये तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण त्या दिवशी खुर्चीत बसली होती तिची सख्खी थोरली बहीण, आणि ताईपुढे धाकटीचं आजवर कधी चाललंय?

ताईच्या लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. त्यासाठी ताईचा गुडघ्यापर्यंतचा झगा शिवून तयार होता. पण कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून राहून ताईच्या पायांची पार वाट लागलेली. गुडघ्यामागे जांभळं जाळं, पोटरीवर बोटाएवढ्या शिरा, घोट्याच्या वर काळपट, पातळ कातडी. डॉक्टरांनी दिलेले घट्ट मोजे उकडतं म्हणून कपाटात पडले होते. संध्याकाळी पाय उशीवर ठेवून पड म्हटलं, की मग स्वयंपाक तुझे भाऊजी करणार का, असं ती उलट विचारायची.

धाकटी शिरा वगळून वॅक्स लावू लागली. पाय म्हणजे काय शेत आहे मधे बांध ठेवायला, ताई म्हणाली, ओढ की सगळं. धाकटीनं जीव मुठीत धरून घोट्यावरची पट्टी ओढली.

आधी काहीच झालं नाही. मग एक लाल ठिपका आला आणि त्यातून रक्ताची धारच लागली. दुखत मात्र नव्हतं, आणि तेच भयंकर होतं. धुऊन येते म्हणत ताई उभी राहिली, तशी धार दुप्पट झाली. धाकटीनं खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, तर त्या ओरडल्याच, की आधी तिला आडवी कर, पाय वर घे, जखमेवर कापड दाबून धर, आणि काही झालं तरी ते उचलून बघू नकोस.

ताईला जमिनीवर निजवून धाकटीनं तिची टाच स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि टॉवेलची घडी दाबून धरली. रक्त थांबलंय की नाही, कळायला मार्ग नव्हता. ताईचे ओठ पांढरे पडले होते. आईच्या माघारी याच बाईनं तिला लहानाचं मोठं केलं होतं. मी मारलं हिला, एवढंच धाकटीच्या डोक्यात घोंघावत होतं.

डॉक्टरीणबाई आल्या, टॉवेल काढला. रक्त थांबलं होतं. पट्टी बांधताना त्या म्हणाल्या, की ही शीर आज ना उद्या फुटणारच होती. घरी एकट्या असताना आंघोळीत फुटली असती, तर बाई उभ्या उभ्या पाय धूत बसल्या असत्या आणि चक्कर येऊन पडल्या असत्या. लग्न असो नसो, उद्याच तपासणीला जायचं, असं बजावून त्या गेल्या.

ताईच्या तोंडावर रंग आला, तशी जीभही आली. चला, गंडांतर टळलं, आता दुसरा पाय उरक, म्हणाली.

धाकटीनं दुसऱ्या पायाकडे पाहिलं. घोट्याच्या वर तशीच कातडी, तशीच शीर. तिनं तो पाय दोन्ही हातांनी अलगद उचलून उशीवर ठेवला, आणि हात काही काढले नाहीत.

"अगं, या पायाला काय झालंय?" ताईनं विचारलं.

"अजून काही नाही," धाकटी म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.