रादकाच्या लग्नाचे कोलाचे

"बावीस उन्हाळे समुद्रावर जातोय मी. आजवर एक चमचासुद्धा हरवला नाही माझ्या हातून!" असं शेजाऱ्याला ठणकावून सांगत लुबोशने डिकी धाडकन लावली. किल्ली आत राहिली.

शेजाऱ्याने तार घालून ती उघडेपर्यंत तास गेला. मिलादा हाताची घडी घालून उभी होती. "तू हरव, गाडी हरव," ती नवऱ्याला म्हणाली, "माझे कोलाचे तेवढे पोचव."

कोलाचे म्हणजे तळहातात मावणारे गोल, गोड पाव. वर खसखस, नाहीतर आलुबुखाराचा मुरंबा. चेक देशात, त्यांच्या ब्रनोकडे, लग्न निघालं की वधूच्या आईने ते स्वतः भाजायचे आणि वराच्या घरी नेऊन द्यायचे. त्यांची रादका क्रोएशियातल्या किनाऱ्यावरच्या गावात लग्न करत होती. तिची होणारी सासू, नेवेंका, फोनवर म्हणाली होती, "कशाला त्रास घेता? केक सांगितलाय आम्ही." केक! मिलादाने त्याच रात्री पीठ मळायला घेतलं. चारशे कोलाचे झाले. वेताच्या तीन टोपल्या, वर इस्त्री केलेली फडकी.

पहिला मुक्काम व्हिएन्ना. तिथे राजवाडा बघण्याऐवजी दोघांनी चार पार्किंगं बघितली, कारण गाडी कुठल्या पार्किंगात लावली ते लुबोश विसरला होता. "चमचा नाही हरवला अजून," मिलादा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रियाच्या डोंगरात, घाटाच्या एका वळणावर, लुबोशला झाडाखाली तपकिरी टोपी दिसली. अळंबी! आणि तिच्यामागे दुसरी. बायकोला रस्त्यात सोडून जा म्हटलं तर चेक माणूस निदान विचार तरी करेल. अळंबी सोडून जा म्हटलं तर हसेल. मिलादा शेजारी घोरत होती. लुबोश पावलं न वाजवता उतरला.

आता अळंबी पिशवीत भरायची नसते, पिशवीत तिचा चेंदा होतो. तिला टोपलीच लागते. टोपल्या तर होत्या. "पाचच मिनिटं," असं स्वतःला बजावत त्याने गवतावर फडकी पसरली, त्यांवर चारशे कोलाचे नीट मांडले आणि तिन्ही टोपल्या घेऊन झाडीत शिरला.

पाऊण तासाने टोपल्या भरून तो बाहेर आला आणि जागच्या जागी थिजला. फडक्यांवर दोन गाई उभ्या होत्या, गळ्यात घंटा, नाकाला खसखस. एकही कोलाचा शिल्लक नव्हता. एक गाय फडक्याचं टोकही चघळत होती.

"हॅट! हॅट!" एवढंच त्याच्या तोंडून निघालं, तेही कुजबुजत, कारण मिलादा जागी झाली असती. फडकी झटकून त्याने अळंबीवर झाकली, टोपल्या डिकीत ठेवल्या आणि पुढच्या मुक्कामाला, लुब्लियानात, सांगून टाकू असं ठरवलं.

लुब्लियानात मिलादाने पुलावर आइस्क्रीम खाता खाता त्याचा हात धरला. असं बारा वर्षांत झालं नव्हतं. "शहाण्यासारखा आणलास हो माझा माल," ती म्हणाली. लुबोशने आइस्क्रीमचा मोठा घास घेतला. सांगायचं राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते समुद्रावर पोचले. लग्न दुपारी होतं. अंगणात अख्खी गल्ली जमलेली. मिलादाने टोपली टेबलावर ठेवली, विहिणीकडे बघत मान ताठ केली आणि फडकं झटक्यात ओढलं.

एका टोपीवरून एक गुबगुबीत अळी निवांत उतरली.

मिलादाचे डोळे पांढरे झाले. तिने दुसरं फडकं ओढलं, मग तिसरं. मग सावकाश नवऱ्याकडे वळली. लुबोश आकाशात ढग शोधत होता. ढग नव्हते.

"हे... काय असतं?" नेवेंकाने जपून विचारलं.

"आमची पद्धत," मिलादाने डोळ्याचं पातंही न लववता सांगितलं. "लग्नाला वधूच्या बापाने स्वतः वेचलेली अळंबी आणायची. तिचं सूप करायचं."

"अगं बाई! किती छान! आणि आम्ही मेले केक केक करत बसलो!" नेवेंकाने तिला मिठी मारली आणि पोरींना हाका मारून अळंबी निवडायला बसवलं.

"मिलुश, देवासारखी धावून आलीस गं," लुबोश पुटपुटला.

"थांब," मिलादा म्हणाली.

सूप आलं. मिलादाने एक चमचा चाखला, ओठ पुसले आणि ती उठली. "अजून एक राहिलंच. पहिलं मोठं वाडगं वधूच्या बापाने एकट्याने संपवायचं. तोवर बाकीच्यांनी चमचा लावायचा नाही."

टाळ्या झाल्या. लुबोशने पहिला घोट घेतला आणि त्याला कळलं. हुबेहूब तशीच दिसणारी एक जात असते. मरत नाही माणूस, पण एक जरी पडली तरी सगळं पातेलं कडू जहर होतं. आपल्याला ती लांबूनच ओळखू येते, असं तो पन्नास वर्षं सांगत आला होता.

"कसं झालंय, बाबा?" रादकाने विचारलं.

"सुरेख," लुबोश म्हणाला. त्याचं तोंड आक्रसलं होतं.

"बोलू नका त्याच्याशी," मिलादा म्हणाली, "अर्धं राहिलंय अजून."

त्याने वाडगं संपवलं. बाकीचं सूप, पद्धतच आहे म्हणून, मिलादाने समुद्राला वाहिलं.

चार वाजता चर्चची घंटा झाली. वधूला वेदीपर्यंत बापाने न्यायचं असतं; रादकाला तिच्या सासऱ्याने हात धरून नेलं. लुबोश संडासात होता.