छातीचं गाऱ्हाणं

जत्रेच्या दिवशी देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, शिवदासांकडे. गावाच्या वतीनं एकानं देवाशी मोठ्यानं बोलायचं आणि प्रत्येक मागण्यावर जमलेल्यांनी ओरडायचं, ‘व्हय म्हाराजा!’ एरवी आमटीत मीठ कमी आहे हेही न सांगता जेवणारा हा माणूस तिथे असा बोलायचा, की देवाला मध्ये बोलायची सोय नसे.

गेल्या जत्रेत दोन वाक्यं झाली आणि त्यांचा आवाजच गेला. सदरा घामानं चिंब, हात थरथरत, गर्दीतून वाट काढत ते बाहेर आले. “सुमंगला, माका मरण इलां गो,” म्हणाले. उरलेलं गाऱ्हाणं चुलत दीर नारायणानं उरकलं.

काळीज तपासलं. ठणठणीत निघालं. झटके मात्र येतच राहिले. बसमध्ये, कचेरीत, पेडण्याच्या बाजारात. मग ते बाजारात जाईनात, देवळात तर नाहीच. गाव म्हणालं, गाऱ्हाणं अर्धं टाकलं, देव कोपला. नारायण म्हणाला, “दादा, औंदा मी घालतंय. तू घराक रव.” प्रेमानं म्हणाला, हीच पंचाईत. ह्यांना त्या दिवशी रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

काळजाच्या डॉक्टरांनीच म्हापशाला, मनाचे उपचार करणाऱ्या विनोदिनी मॅडमकडे धाडलं. वयानं आमच्या भाचीएवढ्या.

“गोळी नाय?” ह्यांनी विचारलं.

“नाही. बोलायचं.”

“बोलान बरां जाता तर आमच्या बडबड्या नारायणाक सर्दीसुद्धा लागूची नाय.”

मॅडम खळखळून हसल्या. पुढचं सगळं मीच सांगत सुटले. ह्यांना धडधडतं, ह्यांना झोप नाही. मॅडमनी मला गोड शब्दांत दाराबाहेर बसवलं. परतताना मोटारसायकलवर हे सांगायचे, त्यातलं अर्धं वाऱ्यावर जायचं.

“आजवर किती वेळा फुटली ही छाती?” मॅडमनी विचारलं होतं.

“एकदाय नाय.”

“मग तिला धडधडू द्या. तुम्ही पळता, म्हणून तिला वाटतं धोका खराच होता.”

मग ह्यांना जिना चढउतार करायला लावून मुद्दाम धडधड आणायच्या, आणि ती आपसूक ओसरेपर्यंत पळायचं नाही, अंगात काय होतंय ते बोलत राहायचं. कचेरीत प्यूनसमोरही गळ्याचं बटण न सोडणारा माणूस परक्या मुलीसमोर धापा टाकत “आता मुंग्या, आता घशात गोळा” असं सांगत होता! लग्नात हार घालतानाही मला त्यांचं एवढं कौतुक वाटलं नव्हतं.

पुढे बाजार. मासळीवाल्यांच्या मधोमध उभं राहायचं. पहिल्यांदा मोटारसायकल तिथेच टाकून पळाले. मॅडम म्हणाल्या, “छान. गेलात तर खरे.” नंतर नंतर एवढा वेळ उभे राहू लागले, की मासळीवालीनं दरवेळी बांगडे गळ्यात मारले.

जत्रा आली. नारायण धुतलेलं धोतर नेसून तयारच. पण पुढे झाले ते हे.

“बा देवा म्हाराजा! आज सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत...”

“व्हय म्हाराजा!”

आणि थांबले. नारायण एक पाऊल पुढे आला. ह्यांनी हात वर करून त्याला अडवलं.

“तर म्हाराजा, माझी छाती आता धडधडता. हात कापतत. हयसून पळान जावचां वाटता.”

सवयीनं सगळे ओरडले, “व्हय म्हाराजा!” आणि मग एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी फिसकन हसलं. हेही हसले.

“ती धडधडूंदे. पण तिच्या भियान माका पळवू नको!”

“व्हय म्हाराजा!”

मागून जानकीकाकी ओरडली, “शिवदासा, माझ्या सुनेचांय घाल रे! तिकाय असांच जाता, सांगूक लजता!”

तिचंही घातलं. मग पाऊस, गुरं, बोटीवर गेलेली पोरं, सगळं रीतसर झालं. नारळ फुटला. लोक प्रसादाकडे वळले, हे पायरी उतरले, तेवढ्यात नारायण कुजबुजला, “दादा, काजूच्या पिकाचां गाऱ्हाणां रवलां.”

“अरे देवा!” म्हणत हे माघारी वळले. प्रसादाच्या रांगेतून माणसं परत बोलावली, घसा खाकरला आणि नव्यानं सुरुवात केली. या खेपेस तर जास्तच वेळ घेतला.