तडा तिच्या हातून गेला नाही

मी गोल बुडाचा चंबू बोलतोय. होतो, असं म्हणायला हवं. सध्या फुटक्या काचेच्या खोक्यात तुकड्यातुकड्यांनी पडलोय. पण गप्प बसवत नाही. जे मला ठाऊक आहे ते आणखी एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तो तोंड उघडायला तयार नाही.

कुणा कारागिराने तापल्या काचेत फुंकर भरून मला घडवलं. बूड गोल, त्यामुळे स्वतःच्या पायांवर उभं राहणं कधी जमलंच नाही. प्रयोगशाळेत आलो आणि चार वर्षं कपाटात धूळ खात बसलो. मग ही संशोधन करणारी मुलगी आली. सगळे तिला ताई म्हणतात. तिने मला घासूनपुसून माणसात आणलं.

एका औषधी झाडाच्या सालीमागे ती हात धुऊन लागली होती. साल सावलीत वाळवायची, कुटायची, मिथेनॉल आणि पाण्यात तीन दिवस अंधारात भिजवायची. सालीतली पॉलिफेनॉलं, म्हणजे तिची औषधी द्रव्यं, त्यात उतरतात. गाळलेला अर्क माझ्या पोटात ओतून ती मला कोमट पाण्यात फिरत ठेवायची. पंप माझ्यातली हवा ओढून घेई, मिथेनॉल उडून जाई आणि तळाला दाट तपकिरी अर्क उरे. त्याचा थेंब जांभळ्या द्रावणात पडला आणि ते पिवळं झालं, की अर्कात गुण आहे हे ठरे आणि स्वारी खूश!

उजेडाने अर्क बिघडतो, म्हणून ती मला आधीच फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायची. त्याआधी उजेडात धरून, नख फिरवून तपासायची. पंपाची ओढ धडधाकट काच सोसते. तडा गेलेली सोसत नाही.

किती अर्काने रंग पालटतो, तो आकडा तीनदा सारखा आला तरच तिचे मार्गदर्शक सर मानणार होते. दोनदा आला होता. साल उरली होती एकाच खेपेपुरती. ते झाड रस्ता रुंद करताना तोडलं गेलं, आणि वर्षभर वणवण करूनही तिला तसं दुसरं सापडलं नव्हतं.

शनिवारी, साफसफाई करणारे मामा फरशी पुसत असताना, तिने मला तपासलं, गुंडाळलं, फळीवर ठेवलं. सोमवारी सकाळी त्याच मामांचा धक्का लागला आणि मी ओट्याच्या कडेवर आपटलो. मामांनी फॉइल जरा सोडवून पाहिलं. बुडाशी तडा होता. त्यांनी फॉइल पुन्हा नीट चेपलं आणि मला जागेवर ठेवलं. निवृत्तीला दोन महिने राहिलेत त्यांच्या. गेल्या महिन्यात एक नरसाळं फुटलं, तेव्हा सरांनी चारचौघांत त्यांची अब्रू काढली होती. मला त्यांचा राग येतो, आणि कीवही येते.

दुपारी तिने सगळा अर्क माझ्यात ओतला. अगं, एकदा फॉइल काढ, मी जीव तोडून ओरडत होतो. काचेचं ओरडणं कोण ऐकतं? पंप सुरू झाला आणि मी फुटलो.

ती उघड्या हातांनी अर्क मिसळलेलं ते गढूळ पाणी भांड्यांत भरत राहिली. बोटं कापली तरी थांबेना. त्या पाण्याचा काहीएक उपयोग नव्हता, हे तिलाही कळत होतं. सर आले, तेव्हा त्यांनी विचारायच्या आतच म्हणाली, चूक माझी आहे, मी तपासलं नसणार. सर म्हणाले, हे काम सगळ्यांना झेपत नाही.

आज ती टेबलाचा खण रिकामा करत होती. मामा खोका उचलायला आले, तसा तिने हात थांबवला.

"मामा, शनिवारी तुम्ही इथंच होतात. मी चंबू उजेडात धरून बघितला होता ना?"

मामा माझ्या तुकड्यांकडे बघत राहिले. "नीट आठवत नाही, ताई."

तिने मान हलवली आणि पुन्हा वह्या पिशवीत भरू लागली.

आता मामा मला घेऊन जिना उतरताहेत. मामा, मागे फिरा हो. धक्क्याचं सांगू नका, तड्याचं सांगू नका, तुमचे दोन महिने सुखाने जाऊ देत. तिने बघितलं होतं, एवढंच सांगून या.