टवका उडालेला कोपरा

मी भाजी चिरायची फळी बोलतेय. हसू नका. माझ्या पाठीतून दोन खिळे वर आलेत, टोकं छताकडे, आणि तरीही मला फेकून द्यायचं कुणाच्या मनात येत नाही. यावरूनच माझा मान ओळखा.

जन्माने मी कपाटातला कप्पा. डबे डोक्यावर घेऊन अंधारातच म्हातारी झाले असते. पण घरच्या काकूंना लकवा झाला, डावा हात लुळा पडला आणि माझं नशीब उघडलं. ऐकायला वाईट वाटतं, पण खरं ते खरं. काकू कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायच्या. आता बटाटा धरणार कोण आणि सोलणार कोण? काकांनी मला कापून काढलं आणि खालून खिळे ठोकले. बटाटा दोन्ही खिळ्यांवर दाबून बसवायचा, की एक हात पुरतो. खिळे वाकडे आहेत, ते सोडा. काकांनी आयुष्यात काही सरळ ठोकलेलं नाही, असं काकूच म्हणतात.

पुढे काकूंचा उजवा हात असा बसला, की दवाखान्यातल्या नर्स एका हाताने अडलेल्या माणसांना त्यांचाच पत्ता देऊ लागल्या. कुणी आलं, की काकू मला ओट्यावर मांडायच्या आणि माझा एक कोपरा फडक्याने झाकून घ्यायच्या. का, ते सांगते.

एक दिवस शिंपी आला. स्कूटरवरून पडून त्याचा उजवा हात निकामी झाला होता. बायको रुग्णालयात पहाटेच्या पाळीला जायची. सकाळी लेकीला खाऊ घालून, डबा भरून शाळेत धाडायचं काम याच्या गळ्यात, आणि याला साधी काकडी चिरता येईना. शेवटी ठरलं, की रविवारी आत्या येईल आणि पोरीला आपल्या घरी घेऊन जाईल.

"थोडे दिवसच," तो म्हणाला. पण त्याचा चेहरा तसं म्हणत नव्हता.

काकूंना कळवळा आला, आणि त्यांना कळवळा आला की त्या जास्तच करतात. कांदा घेतला आणि असा बारीक चिरला, की मलाच सुरी लागल्याचं कळलं नाही. मग टोमॅटो, मग काकडी. मी पण जरा फुशारले. शिंपी मात्र प्रत्येक कापाला खुर्चीत खाली खाली जात होता.

"तुमचं बरंय, काकू. तुम्हाला जमतं," म्हणाला आणि उठला.

त्याला थांबवायच्या गडबडीत काकूंनी बटाटा एकाच खिळ्यावर टेकवला. सुरी लावली मात्र, बटाटा गर्रकन फिरला, उडाला आणि थेट फ्रिजखाली गेला. काकू गुडघ्यांवर बसून लाटण्याने तो ओढू लागल्या. निघालं बटाट्याऐवजी एक जुनं, वाळून काळं पडलेलं लिंबू.

शिंपी खो खो हसला. त्याची बायको नंतर म्हणाली, अपघातानंतर पहिल्यांदाच.

काकू तिथेच फरशीवर बसल्या. "हसतोस काय? वर्षभर माझे सगळे बटाटे असेच पळायचे. ते फडकं काढ बघू."

त्याने काढलं. माझ्या कोपऱ्याचा मोठा टवका उडालेला.

"एकदा रागाने भिंतीवर फेकलं मी हिला. म्हटलं, आता मरेपर्यंत लोकांच्या हातचं खायचं. रडले, जेवले नाही, काकांना वाट्टेल ते बोलले. हे कुणाला दाखवत नाही मी. लाज वाटते."

शिंप्याने त्या टवक्यावरून डावं बोट फिरवलं, मग खाली वाकून बटाटा काढला. त्या दिवशी त्याने केलेल्या फोडी कशा होत्या विचारू नका, मला अंगावर बाळगताना संकोच वाटत होता. पण जाताना काकूंनी मला त्याच्या पिशवीत घातलं.

त्या आठवड्यात मी फार सोसलं. टोमॅटो चिरडले, काकड्या पळाल्या, एकदा तर मी स्वतःच सिंकमध्ये पडले. रविवारी आत्या आली, मोठी रिकामी बॅग घेऊन. शिंप्याने काकडी-टोमॅटोची सँडविचं पुढे ठेवली. एक काप जाड, एक पातळ.

पोरीने खाल्लं, बशी पुढे केली आणि म्हणाली, "बाबा, अजून एक. आत्यालाही दे."

आत्याने बॅगेकडे पाहिलं. "दादा, ही बॅग उगाच आणली मी," म्हणाली आणि डोळे पुसत खायला बसली.

मी आता शिंप्याकडेच असते. काकूंकडे नवी फळी आहे, तिचेही खिळे वाकडेच. परवा एक रंगारी आला, शिडीवरून पडून हात गमावलेला, तोंड पाडून बसलेला. शिंप्याने सुरी घेतलीच नाही. मला फिरवलं, उडालेला कोपरा त्याच्यापुढे केला आणि म्हणाला, "आधी हे बघ. मग माझे पळालेले बटाटे सांगतो."

एवढंच मागणं आहे. हल्ली काका शिंप्याकडे आले, की पॉलिशपेपर घेऊन माझ्याभोवती घुटमळतात, कोपरा गोल करून देतो म्हणतात. काका, खिळे हवे तर सरळ करा, जमलं तर. कोपऱ्याला मात्र हात लावू नका.