आठवड्याला एक पुडी

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. माझ्या काळ्या अंगावरची सोनेरी वेल आता नखाएवढी उरली आहे आणि पायडलच्या जाळीला गंज चढला आहे. माझे ओतकाम पंजाबातल्या एका कारखान्यात झाले, पण माझे आयुष्य सुरू झाले घाटकोपरच्या डोंगरावरच्या एका चाळीत. भाऊरावांनी माझे डोके स्वतःच्या खांद्यावर घेतले, लोखंडी पाय मुलाच्या, अंबादासच्या, खांद्यावर दिले, आणि बापलेकांनी मला धापा टाकत वर आणले.

भाऊराव तेव्हा एका गोदामात कामाला होते. अंबादासचे नुकतेच लग्न झाले होते. सून कमल सोलापूरकडची, शिवण शिकून आलेली. "पोरीच्या हातात कला आहे. घरात मशीन नसली तर त्या कलेचा काय उपयोग?" असे भाऊराव शेजाऱ्यांना सांगत.

कमलने माझ्यावर गणवेश शिवले, परकर शिवले, लग्नाचे ब्लाउज शिवले. "कमलची बाही काखेत कधी ओढत नाही," असे चाळीतल्या बायका म्हणत, आणि ते ऐकून मलाच मान मिळाल्यासारखे वाटे. दर रविवारी ती मला पुसायची, तेलाचे दोन थेंब द्यायची.

पुढे आमच्या खिडकीला लागून शेजाऱ्याने भिंत चढवली. खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागे. त्याच सुमारास भाऊराव कामावरून निवृत्त झाले. सुनेचे कष्ट कमी व्हावेत म्हणून ते म्हणाले, "कमल, तू मशीनवरून उठू नकोस. नळावर मी जातो, बाजारही मीच आणतो." आणि त्यांनी ते मनापासून केले. हंडा खांद्यावर घेऊन चढ चढणारा सासरा पाहून बायका कमलचा हेवा करीत. कमल मात्र सकाळी माझ्यासमोर बसायची ती दिवेलागणीलाच उठायची. अशी काही वर्षे गेली.

त्र्याऐंशी सालच्या पावसाळ्यात मला प्रथम शंका आली. मित्रांनो, मला माणसाचा चेहरा फारसा दिसत नाही, पण पाय कळतात. कमलचे पाय पायडलवर जड पडू लागले. थोडी शिवण झाली की थांबायचे. तिच्या मांड्या दुखत, कंबर दुखे. जमिनीवरून उठताना ती माझ्या फळीचा आधार घेई. चालताना बदकासारखी डुलू लागली. अंबादासने बाम आणला, शेक दिला. शेजारची चंपा म्हणाली, "मशीन मारून मारून पायांची वाट लागली गं तुझ्या. विकून टाक ही ब्याद!"

अंबादासलाही ते पटले. त्याने एक गिऱ्हाईक आणले. त्या माणसाने माझे चाक फिरवून पाहिले, सुई पाहिली. मी हादरले. तेवढ्यात भाऊराव पाण्याचा हंडा घेऊन आत आले.

"मशीन कुठेही जाणार नाही," ते म्हणाले. "दुखतंय पोरीला आणि तुम्ही विकताय लोखंड? आधी डॉक्टरला दाखवू."

डोंगराच्या पायथ्याशी उत्तराबाई नावाच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी कमलच्या पायांचे फोटो काढायला लावले, रक्त तपासून घेतले. परत आल्यावर कमल अंबादासला सांगत होती ते मी ऐकले.

"हाडं मऊ झालीत म्हणे माझी. बाईंनी विचारलं, उन्हात शेवटचं कधी बसलीस? मला आठवेच ना."

उन्हामुळे माणसाच्या कातडीत एक जीवनसत्त्व तयार होते. ते नसले तर खाल्लेल्या अन्नातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हाडांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून डॉक्टरांनी त्याच जीवनसत्त्वाच्या पुड्या दिल्या होत्या. आठवड्याला एक पुडी, दुधातून. सोबत कॅल्शियमची गोळी आणि सकाळचे चांगले ऊन.

भाऊराव कोपऱ्यात बसून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मीच तुला ऊन लागू दिलं नाही."

"असं काय बोलता मामा? तुम्ही माझा भार उचललात."

पण ते त्यांच्या मनाला लागले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आणि अंबादासने मला रोज सकाळी उचलून बाहेर ओट्यावर ठेवायला सुरुवात केली. किती वर्षांनी मी ऊन पाहिले! कमल बाह्या वर सारून माझ्यासमोर बसे. हळूहळू तिच्या मांड्यांतली कळ ओसरली. थंडी पडली तेव्हा तिचे पाय पायडलवर असे धावू लागले की माझा पट्टाच दमला. एक दिवस ती स्वतः नळावर गेली आणि भरलेली कळशी घेऊन आली. सगळी चाळ दारात येऊन पाहत होती.

त्या पुडीचा हा पराक्रम भाऊरावांनी डोळ्यांनी पाहिला. त्यातच त्यांचा गोदामातला दोस्त धोंडू रक्तवाहिनी तुंबून अंथरुणाला खिळला. भाऊराव त्याला भेटून आले ते धास्तावूनच. औषधाच्या दुकानात कोणीतरी त्यांना म्हणाले, "ती पुडी ना? हाडांना झकास, आणि नसाही साफ ठेवते." झाले! भाऊराव पुड्या आणू लागले आणि रोज एक घेऊ लागले. रिकामी पाकिटे ते माझ्याच खणात चिंध्यांखाली सारत. मी काय करणार? खण उघडतो तो माणसाच्या हाताने.

काही आठवड्यांनी त्यांची भूक गेली. सारखी तहान लागे, उलट्या होत. पोट साफ होईना. एका सकाळी त्यांनी कमलला "रुक्मिणी" म्हणून हाक मारली. रुक्मिणी म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन कैक वर्षे झाली होती. कमलच्या हातातला धागा सुटला.

"अहो, डॉक्टरांना आणा," ती अंबादासला म्हणाली. तो धावत खाली गेला. भाऊरावांनी खाटेवर पुन्हा उलटी केली. ती पुसायला कमलने माझा खण ओढून मूठभर चिंध्या काढल्या, आणि त्यांच्याबरोबर पाकिटांचा ढीग बाहेर आला.

उत्तराबाई चढ चढून आल्या. कमलने पाकिटे त्यांच्यापुढे धरली.

"भाऊराव, ही रोज घेतलीत?"

"नसांसाठी, बाई," ते क्षीण आवाजात म्हणाले. "धोंडूसारखं व्हायला नको म्हणून."

"नसांना याचा फायदा होतो हे मला तरी कुणी दाखवून दिलेलं नाही. जास्त झालं तर उलटंच होतं. रक्तात चुना वाढतो, आणि तो हाडात जायचा सोडून रक्तवाहिन्यांत, मूत्रपिंडांत जाऊन बसतो. अंबादास, यांना आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्यायचं."

चार माणसांनी खुर्चीत बसवून त्यांना डोंगर उतरवला. ते गेल्यावर खोलीत मी एकटी उरले. इतकी वर्षे त्या घरात होते, पण अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

भाऊराव वाचले. सलाईन लावून, औषधे देऊन त्यांचे रक्त ताळ्यावर आणले. ते घरी आले तेव्हा इतके वाळले होते की सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसे. ओट्यावर बसवल्यावर त्यांनी मान खाली घातली. "माझं अंथरुणातलं करायची पाळी तुझ्यावर येऊ नये, एवढंच मनात होतं गं."

कमल रागावली. त्या घरात मी तिचा चढलेला आवाज पहिल्यांदा ऐकला. "आली असती तर केलं असतं! पण विचारायचं तरी ना मामा, एक शब्द?"

मित्रांनो, ज्या पुडीने कमलला उभे केले तिनेच भाऊरावांना आडवे केले. पुडी तीच होती. एकीला तिची गरज होती आणि मोजून दिली होती. दुसऱ्याने भीतीपोटी, कुणाला न विचारता घेतली. म्हणून तुमच्या घरातली म्हातारी माणसे गुपचूप काही घेत असतील तर त्यांना प्रेमाने विचारा. त्यांना कसली भीती वाटते तेही विचारा. आणि हो, अंधाऱ्या खोलीत राबणाऱ्या माणसाला थोडा वेळ उन्हात बोलवा.

त्याच दुपारी कमलने भाऊरावांचा पांढरा सदरा माझ्यावर घेतला आणि दोन्ही बाजूंनी आत घेऊन शिवला. अंबादास म्हणाला, "जास्तीचं कापड कापून टाक ना."

"कशाला? आत ठेवलंय. अंग भरलं की उसवीन."

एप्रिलात, चौदा तारखेच्या जयंतीच्या मिरवणुकीच्या आदल्या दिवशी, तिने ती शिवण उसवली.