दादासाठी वीस इंची

माझा भाऊ दुकानात आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या चेनला तेल घालत होते. माझ्याकडे न बघता तो सरळ भिंतीवर टांगलेल्या एकचाकी सायकलींखाली जाऊन उभा राहिला. सख्खा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. एरवी तो आमच्या दुकानाची पायरी चढत नाही, कारण कामावर असले की मी कुणालाही काहीही बोलते असं त्याचं म्हणणं. ते खरंच आहे.

"यातली शिकायला कुठली बरी?" त्याने विचारलं.

"कोण शिकतंय?"

"मी."

मी तेलाची बाटली खाली ठेवली.

दादा उंच इमारतींच्या बाहेरच्या काचा धुतो. म्हणजे धूत होता. गच्चीवरून दोरांनी सोडलेल्या पाळण्यात उभं राहून त्याने एकवीस वर्षं काढली. गेल्या वर्षी त्याला ताप आला आणि जाताना तो डाव्या कानातलं काहीतरी घेऊन गेला. ऐकू कमी येतं ते एक वेळ सोडा, तोलच गेला. डोळे मिटले की हा डावीकडे कलंडतो. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की जेवढं सुधारायचं होतं तेवढं सुधारलं, आता वाट बघू नका. पण दादा वाट बघत होता. त्याच्या कंपनीचा नियम असा की आजारपणानंतर पाळण्यात चढायचं असेल तर आधी फळीवरून चालून दाखवायचं. वीतभर रुंद आणि सहा मीटर लांब फळी, दोन्हीकडे विटांवर टेकवलेली. संधी तीन. दादा दोनदा पडला होता. तिसरी संधी दोन महिन्यांनी होती, आणि तीही हुकली की कायमचा जमिनीवर, दुसऱ्यांच्या बादल्या भरायला.

"एका चाकावर तोल सांभाळता आला तर फळी म्हणजे डाव्या हातचा मळ," तो म्हणाला.

मी त्याला तिथूनच हाकलायला हवं होतं. इतरांना हाकलते. पण त्याने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, जसा काही नोकरीच्या मुलाखतीला आलाय. मी हात पुसून उठले.

त्याने आधी बोट दाखवलं ते सगळ्यात देखण्या सायकलीकडे.

"ती चोवीस इंची," मी म्हटलं. "लांब पल्ल्याची. चाक मोठं म्हणजे वेग जास्त, आणि आपटशील तेही जोरात."

"मग ती?"

"ती सोळा. पोरासोरांची. गुडघे हनुवटीला लागतील तुझे."

"मला पुढे उड्याही मारायच्यात. जागच्या जागी. तोलाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी असल्या सायकलीवरच्या एकाचा व्हिडिओ दाखवला, तो पठ्ठ्या पायरीवरून खाली उतरला."

"आधी बूड टेकव. मग उड्या."

गल्ल्यावरून मालक हळूच म्हणाले, "मोठ्या माणसाला वीसच द्या. शिकायलाही तीच, उड्यांनाही तीच." मालक गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोलत नाहीत, म्हणून तर मी अकरा वर्षं तिथे टिकलेय.

मग मी वीस इंची खाली काढली आणि एकेक गोष्ट जीव लावून निवडली. टायर जरा जाडसर, उडीचा दणका सोसेल असा. पॅडल प्लॅस्टिकचे, सपाट. दातेरी लोखंडी पॅडल नडगीवर बसला की सालटं निघतं. क्रँक, म्हणजे पॅडल धरणारा दांडा, मध्यम, कारण आखूड असला तर चाक थांबवता येत नाही आणि लांब असला तर माणूस चालवताना डुलतो. सीटला पुढे पकडायला मूठ हवी, आणि पुढे-मागे जाड कडा हव्यात, कारण पडणार ती आधी सायकल. मग पायाचं माप घ्यायला बूट घालून त्याला भिंतीशी उभं केलं. टेप लावत असताना तो डावीकडे झुकत होता. त्याला ते कळत नव्हतं. मी त्याच्या खांद्याला हात लावून त्याला सरळ केलं, माप लिहून घेतलं आणि वर बघितलंच नाही.

सीटचा दांडा मापाने कापावा लागतो. एकदा कापला की सायकल परत घ्यायची नाही, ही आमच्या दुकानाची रीत. करवत हातात देताना मालकांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं. मी कापला.

दादाच्या मजल्यावर लांब बोळ आहे, एका बाजूला कठडा. दुकान बंद करून मी रोज संध्याकाळी तिथे जायचे. एका हातात कठडा आणि दुसऱ्या हातात मी, अशा थाटात दादा बसायचा, अर्धं चाक फिरायचं, की डावीकडे गेलाच. वहिनीने भिंतीशी उशा लावून ठेवल्या होत्या. "पाहुणे आले तर त्यांना डोक्याखाली विटा देते," ती म्हणायची. पहिल्या आठवड्यात आम्ही हसत होतो.

मग तो सायकलीतल्या उणिवा काढायला लागला. हवा जास्त झाली म्हणाला, मी हवा काढली. पॅडल गुळगुळीत आहेत म्हणाला, मी खरखरीत बसवले. एके दिवशी माझी वाट न बघता त्याने स्वतःच पाना घेतला आणि सीट बोटभर वर केली. त्यानंतर सायकल करकरायला लागली, आणि तिसऱ्या आठवड्यात डावा पॅडल सुटून हातात आला. मी खाली वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे शहाण्या, सीट उलटी बसवलीस. इतके दिवस तू मागे तोंड करून बसतोयस."

डाव्या पॅडलचे आटे मुद्दाम उलटे पाडलेले असतात, पाय मारता मारता ते घट्ट होत जावेत म्हणून. सायकल उलटी धरली की डावा पॅडल उजवीकडे जातो आणि प्रत्येक फेऱ्याला ढिला होत राहतो. हे मी समजावून सांगितलं तेव्हा दादाचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. "तरीच," तो म्हणाला. वहिनीला हाक मारून त्याने पुन्हा सगळं सांगितलं. "ढिल्या पॅडलवर कोणाचा तोल राहणार?" वहिनीही हसली. मला सगळं माहीत असून मी पण आशा धरली, आणि त्या मूर्खपणाबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. मी सीट सरळ केली, पॅडल आवळले. तीन दिवस तो गाणं गुणगुणत बसायचा. चौथ्या दिवशी गाणं बंद झालं.

चाळिसाव्या दिवशी तो उशीवरून उठलाच नाही. तिथूनच म्हणाला, "सायकलीतच काहीतरी खोट आहे."

माझं डोकं सटकलं. "मी निवडलीय ती. बाजूला सरक, मी बसून दाखवते."

वर्षानुवर्षं मी एकचाकी विकल्या, बसले मात्र कधीच नव्हते. विकायला बसता यावं लागत नाही. मी बसले आणि दाणकन आपटले. दादाला काय आनंद झाला. "बघ, तुलाही जमत नाही," तो म्हणाला, आणि हात देऊन त्यानेच मला उठवलं.

त्यानंतर रोज आधी तो, मग मी. तो शिकवायचा आणि छान शिकवायचा. सगळे व्हिडिओ त्याला पाठ होते. "वजन पायांवर नको, सगळं सीटवर टाक. खाली बघू नकोस, टोकाचं दार बघ. पडतेयस असं वाटलं की जोरात पॅडल मार." मी पडले की तो खूश व्हायचा, आणि तो खूश झाला की वहिनीला जेवण जायचं. दहाव्या दिवशी माझे पाय आपोआप चाक सावरायला लागले. त्या दिवशीच मी थांबायला हवं होतं. पण मला ते आवडायला लागलं होतं. त्याच्याच सायकलीवर, त्याच्याच डोळ्यांदेखत. माझी मलाच लाज वाटत होती, तरी मी रोज जात होते.

फळीच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, मी कठडा सोडला आणि बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. उतरले तेव्हा दादा टाळ्या वाजवत होता. वाजवता वाजवता त्याचे हात थांबले. तो जिन्याच्या पायरीवर बसला.

"तुला किती दिवस झाले?"

महिना म्हणता आलं असतं. पण तो रोज समोर होता. "अठरा," मी म्हटलं.

"मला अठ्ठावन्न." तो चिडला नव्हता. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. "मला वाटत होतं, हे सगळ्यांनाच अवघड असतं."

"दादा, तसं नाही. प्रत्येकाचं—"

"सायकल चांगली निवडलीस गं," तो म्हणाला.

वहिनी दारात उभी होती. ती आत गेली. दादाने खिशातून फोन काढला आणि सुपरवायझरला लावला. आवाज अगदी नेहमीचा होता. "साहेब, परवा फळी मांडू नका. नाही, तब्येत ठीक आहे. खालचंच काम लिहा माझ्या नावावर. हो, कायमचं." फोन खिशात ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं.

"परत एकदा जाऊन दाखव," तो म्हणाला. "मघाशी नीट बघितलं नाही मी."

मी सीटवर बसले. या वेळी मध्यावरच पडायचं, तेही डावीकडे, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण पाय माझं ऐकेनात. चाक जरा कललं की ते आपोआप सावरून घ्यायचे, आणि दादा मागून सांगत होता, "टोकाचं दार बघ, दार बघ," आणि मी सरळ दारापर्यंत गेले.